आतड्यातलं गोंदण : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये ‘टॅटू केला’ एवढे दोनच शब्द येतात आणि घरी गेल्यावर त्यांचाच घोर लागतो. या विषयावर रुग्णांनी, नातेवाइकांनी, एंडोस्कोपी कक्षातल्या परिचारिकांनी आणि सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठीचं उत्तर जास्त तपशीलवार आहे. इतरांनीही ते वाचायला हरकत नाही, आपल्या शरीरात नेमकं काय केलं हे त्यातून कळेल.

प्रश्न : वडिलांच्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली. रिपोर्टमध्ये ‘सिग्मॉइड कोलन, ३५ सेंमी, टॅटू केला’ असं लिहिलंय. अंतर मोजून झालेलं असताना वर शाई कशाला टोचली?

उत्तर : कारण ते ३५ सेंमी दुर्बिणीचे आहेत, आतड्याचे नाहीत. नेफ्यात नाडी ओवताना कापड कसं चुण्या पडून नाडीवर गोळा होतं, तसं आतडं दुर्बिणीवर गोळा होतं. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं, पण वळसे काढून सरळ केलेली दुर्बीण ७०–८० सेंमीवरच सिकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते. उलट सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या (कोलनच्या) शेवटाकडच्या वळणदार भागात, वळसा पडला, तर तेवढीच दुर्बीण आत जाऊनही टोक अजून डावीकडेच घुटमळत असतं. आतून पाहताना खात्रीने ओळखता येतील अशा जागा दोनच. एका टोकाला लहान आतड्याची झडप आणि अपेंडिक्सचं तोंड, दुसऱ्या टोकाला गुदद्वार. मधला सगळा भाग अंदाजाचा.

सर्जन तेच आतडं बाहेरून पाहतात, आणि पोटाच्या दुर्बिणीतून ऑपरेशन करताना त्यांना आतडं बोटांनी चाचपता येत नाही. गाठ भिंतीतून बाहेर आलेली नसेल, तर बाहेरून आतडं गुळगुळीत आणि निरोगी दिसतं. चुकीचा भाग काढला गेला आणि गाठ आतच राहिली, असे प्रकार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. भिंतीतून बाहेरही दिसणारा काळा ठिपका हवा असतो, तो यासाठी.

प्रश्न : ही शाई म्हणजे नक्की काय असतं? ती शरीरात किती दिवस राहते?

उत्तर : हल्ली वापरतात ते शुद्ध कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचं निर्जंतुक द्रावण. कण टोचल्यावर शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि तिथेच बसून राहतात. त्वचेवरचं गोंदण टिकतं त्याच कारणाने हेही वर्षानुवर्षं टिकतं.

१९७५ मध्ये पॉन्स्की आणि किंग यांनी ऑपरेशनआधी आतड्यात खूण करण्यासाठी इंडिया इंक वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ही पद्धत रुळली. इंडिया इंक ही चित्रकलेची शाई. तिच्यात कार्बनखेरीज शेलॅक (लाखेचा पदार्थ) आणि इतर पदार्थ असतात. म्हणून ती सलाईनमध्ये शंभरपट पातळ करून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करावी लागे किंवा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावी लागे. एवढं करूनही गळू, पोटाच्या आवरणाची जळजळ, गाठीसारखी दिसणारी सूज असे त्रास नोंदले गेले. वापरायला तयार, निर्जंतुक कुपी मिळत असेल तर इंडिया इंकच्या वाटेला जायचं कारण उरत नाही.

मिथिलिन ब्लू आणि इंडिगो कार्माइन हे निळे रंग साधारण दिवसभरात विरून जातात, त्यामुळे पुढच्या महिन्यातल्या ऑपरेशनसाठी त्यांची खूण निरुपयोगी. इंडोसायनिन ग्रीन काही दिवस टिकतं आणि निकट-अवरक्त (नीअर-इन्फ्रारेड) प्रकाशात चमकतं. तसा कॅमेरा असेल आणि ऑपरेशन लगेच ठरलेलं असेल, तर ते चालतं. त्याच्या काही प्रकारांत आयोडाइड असतं, तेव्हा आयोडीनची ॲलर्जी असल्यास आधी सांगायला हवं.

प्रश्न : माझ्या तपासणीत निळं पाणी फवारलं होतं आणि नंतर लघवी हिरवट झाली. तोही टॅटूच का?

उत्तर : नाही. ते अस्तरावर फवारलेलं रंगद्रव्य. इंडिगो कार्माइन अस्तराच्या खाचांत साचतं आणि चपट्या पॉलिपची (अस्तरावर उगवलेल्या वाढीची) कड उठून दिसते. मिथिलिन ब्लू पेशींमध्ये शोषलं जातं, त्यातलं थोडं रक्तात जाऊन लघवीतून बाहेर पडतं, म्हणून तो हिरवट रंग. एखाद-दोन दिवसांत तो जातो. ‘जी६पीडी’ या एन्झाइमची कमतरता असेल किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर मिथिलिन ब्लू वापरण्याआधी डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.

प्रश्न : मी एंडोस्कोपी कक्षात परिचारिका आहे. टॅटू करताना दर वेळी वेगवेगळी पद्धत दिसते. कधी शाई आतड्याच्या पोकळीत उडते, कधी काहीच दिसत नाही. योग्य क्रम काय?

उत्तर : क्रम सांगण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. हवेने फुगवलेल्या मोठ्या आतड्याची भिंत ३ मिलीमीटरपेक्षाही पातळ असते आणि कॅथेटरमधून, म्हणजे दुर्बिणीतून आत सरकवलेल्या बारीक नळीतून, बाहेर येणारी सुई बहुधा ४ ते ५ मिलीमीटर. सुई काटकोनात टोचली तर ती आरपार जाणारच. टॅटूतल्या बहुतेक चुका या एका हिशेबातून होतात. शाई जायला हवी ती सबम्यूकोसात, म्हणजे अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या सैलसर थरात.

म्हणून आधी सलाईनचा फुगवटा आणि मग त्या फुगवट्यात शाई, ही दोन टप्प्यांची पद्धत वापरावी. फुगवटा वर आला म्हणजे सुई बरोबर थरात आहे याची खात्री शाई टोचण्याआधीच होते. नुसती शाई घेऊन थेट टोचण्याने वेळ वाचतो खरा, पण जागा चुकली हे कळतं तेव्हा शाई गेलेली असते.

तयारीत २३ किंवा २५ गेजची सुई, सलाईनची एक सिरिंज आणि शाईची एक सिरिंज घ्या. दोन्हींवर ठळक लेबल लावा. कुपी भरण्याआधी चांगली हलवा. कार्बन तळाशी बसतो, आणि न हलवता ओढलेलं द्रावण सुरुवातीला फिकं आणि शेवटी इतकं दाट येतं की सुई तुंबते. मग कॅथेटरची पोकळी मोजा. टेबलावरच कोरड्या कॅथेटरमध्ये सलाईन ढकलत जा आणि टोकाला पहिला थेंब येईपर्यंत किती लागलं ते पाहा. साधारण १ मिलीच्या आसपास भरतं, पण कंपनी आणि लांबीप्रमाणे बदलतं. हा आकडा तोंडपाठ हवा, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं.

जागा निवडायची ती गाठीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला, किमान ३ सेंमी सोडून. सुई बाहेर असताना दुर्बिणीचं टोक स्थिर ठेवा. सुई अस्तराला जवळजवळ समांतर, ४५ अंशांपेक्षा कमी कोनात, शक्य तर घडीच्या कडेवर टोचा. आता सलाईन अर्धा मिली. लगेच पारदर्शक, घुमटासारखा फुगवटा दिसायला हवा. ढकलताना काहीच अडथळा नाही आणि फुगवटाही नाही, तर सुई आरपार आहे. सलाईन चालू ठेवूनच ती हळूहळू मागे घ्या, थर सापडला की घुमट आपोआप उठतो. पाणी पोकळीतच सांडताना दिसलं, तर टोक अस्तराच्या वर आहे. ढकलायला फार जोर लागला तर सुई स्नायूत रुतली आहे किंवा तुंबली आहे. जोर वाढवू नका.

घुमट उठला की सुई तसूभरही न हलवता सिरिंज बदला. शाईची सिरिंज लावून कॅथेटरच्या पोकळीएवढी, म्हणजे समजा १ मिली, ढकला. या वेळी आत जातं ते पोकळीतलं उरलेलं सलाईन, घुमट थोडा मोठा होतो, काळा होत नाही. इथेच नवीन माणूस गोंधळतो आणि ‘जात नाही’ म्हणून आणखी २–३ मिली ढकलून देतो. तसं करू नका. पुन्हा सलाईनची सिरिंज लावा आणि पाऊण ते १ मिली ढकला. आता पोकळीतली शाई घुमटात जाते आणि तो आतून काळा-निळा होत जाताना दिसतो. एका जागी अर्धा ते १ मिली शाई पुरते. कॅथेटर पुन्हा सलाईनने भरला असल्यामुळे पुढच्या जागेसाठी तो तयारच आहे. दोन कॅथेटर वापरण्याची सोय असेल, तर एक सलाईनचा आणि एक शाईचा ठेवला की हा हिशेब सोपा होतो, पण शाईची सुई त्याच घुमटात गेली पाहिजे.

शाई गेल्यावर काही सेकंद थांबून सुई आत ओढा आणि ती आत गेल्याचं मोठ्याने सांगा. सुई बाहेर असताना दुर्बीण पुढे-मागे झाली तर अस्तर फाटतं. मग त्याच पातळीवर समोरच्या भिंतीवर दुसरी जागा, शिवाय एक किंवा दोन. आतड्याच्या घेरावर मिळून तीन-चार ठिपके करावेत, निदान समोरासमोरचे दोन तरी.

पोकळीत शाई उडाली की चित्र काळं होतं आणि घाईघाईने सुई आणखी कुठे तरी जाते. अशा वेळी थांबा, पाण्याने धुवा, ते पाणी ओढून घ्या आणि स्वच्छ दिसल्यावरच पुढे जा. सांडलेल्या शाईचा डाग म्हणजे टॅटू नव्हे. तो धुतला जातो, तेव्हा ती जागा ‘झाली’ म्हणून मोजू नका.

प्रश्न : एकच ठिपका केला तर नाही चालत?

उत्तर : आतड्याची एक बाजू मेदाच्या पडद्याला जोडलेली असते, आणि चढत्या व उतरत्या कोलनची मागची बाजू पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेली असते. एकुलता एक ठिपका नेमका त्या बाजूला पडला, तर सर्जनना तो दिसणार नाही. आतून पाहताना कुठली बाजू पुढची हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून घेरावर सगळीकडे.

प्रश्न : सर्जरीचं प्रशिक्षण घेतो आहे. लॅप्रोस्कोपीत (पोटाच्या दुर्बिणीतून ऑपरेशन करताना) एकदा टॅटू कुठेच दिसला नाही आणि एकदा अर्धं पोट काळं दिसलं. अशा वेळी काय करावं?

उत्तर : न दिसण्याची कारणं म्हणजे ठिपका मेदाच्या पडद्याच्या बाजूला असणं, ओमेंटम (आतड्यांवर पसरलेला चरबीचा पदर) किंवा इतर चरबीखाली झाकला जाणं, शाई फिकी असणं, किंवा ती टोचण्याऐवजी पोकळीत सांडलेली असणं. आधी ओमेंटम बाजूला करा, आतडं मोकळं करून मागची बाजू पाहा, वळणांपाशी विशेष शोधा. तरीही सापडलं नाही, तर अंदाजाने आतडं कापू नका. टेबलावरच कोलोनोस्कोपी करा. ती कार्बन डायऑक्साइडवर करावी, कारण तो लवकर शोषला जातो. खोलीची हवा वापरायची वेळ आली, तर लहान आतड्याचं शेवटचं टोक आधी हलक्या क्लॅम्पने बंद करा, नाहीतर फुगलेली लहान आतडी पुढचं दिसूच देत नाहीत.

पोट काळं झालं असेल तर शाई भिंतीच्या आरपार गेलेली आहे. निर्जंतुक कार्बन असेल तर त्रास बहुधा होत नाही, पण थरांमधल्या सीमा दिसेनाशा होतात आणि कापायचा थर चुकू शकतो. डाग सगळ्यांत गडद कुठे आहे आणि तो आतड्याच्या भिंतीतच आहे का, ते पाहा. शंका असेल तर इथेही टेबलावरची कोलोनोस्कोपी हाच मार्ग.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. टॅटू गाठीच्या खालच्या, म्हणजे गुदद्वाराकडच्या, बाजूला आहे असं गृहीत धरून सर्जन शाईच्या खाली कापतो. एंडोस्कोपी करणाऱ्याने तो वरच्या बाजूला केला असेल, तर तोच सर्जन गाठीला खेटून किंवा गाठीतूनच कापू शकतो. ऑपरेशनआधी रिपोर्ट स्वतः वाचा. त्यात बाजू लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा.

लिम्फ ग्रंथी काळ्या दिसल्या तर घाबरू नका. कार्बन लिम्फ वाहिन्यांतून तिथे पोचतो. ग्रंथीत कर्करोग आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकच सांगतो, रंग नाही. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘कार्बन टॅटू केलेला आहे’ हे मात्र लिहा.

प्रश्न : माझा पॉलिप पूर्ण काढला. मग तिथे खूण का ठेवली?

उत्तर : पॉलिपमध्ये कर्करोग आहे का, हे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरून कळतं, आणि रिपोर्ट येईपर्यंत जखम भरायला लागलेली असते. काही आठवड्यांनी तो व्रण एखाद्या घडीमागे शोधणं अनुभवी हातालाही जड जातं. म्हणून २ सेंमीपेक्षा मोठा, मध्ये खड्डा पडलेला किंवा कर्करोगाचा संशय असलेला पॉलिप काढला, की त्याच बैठकीत खूण करावी. खूण राहून गेली आणि रिपोर्ट वाईट आला, तर व्रण दिसतोय तोवर, शक्यतो दोन आठवड्यांत, पुन्हा कोलोनोस्कोपी करून ती करून घ्यावी. तुकड्यातुकड्याने काढलेल्या मोठ्या पॉलिपची जागा सहसा ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा तपासतात. तेव्हाही हाच ठिपका वाट दाखवतो.

पॉलिप अजून काढलेला नसेल आणि तुम्हाला दुसरीकडे पाठवणार असतील, तर शाई पॉलिपच्या खाली किंवा कडेला कधीही जाता कामा नये. शाईने सबम्यूकोसात तंतुमय ताठरपणा येतो. पुढे पॉलिप काढताना खाली द्रव टोचला तरी तो उचलला जात नाही, आणि जो दुर्बिणीतून निघाला असता त्याच्यासाठी आतडं कापायची वेळ येऊ शकते. ३ सेंमीचं अंतर पाळायचं ते यासाठीही. गाठीतून सुई घालू नये याला आणखी एक कारण आहे. सुईबरोबर कर्करोगाच्या पेशी पसरल्याच्या नोंदी अत्यंत विरळ आहेत, पण आहेत.

प्रश्न : टॅटू कुठे करत नाहीत?

उत्तर : सिकम आणि झडपेलगतचा भाग, कारण तिथली जागा खुणेशिवायही ओळखता येते. आणि रेक्टमचा, म्हणजे गुदद्वाराआधीच्या शेवटच्या आतड्याचा, खालचा भाग. तो पोटाच्या आवरणाच्या खाली असल्यामुळे वरून शाई दिसतच नाही, उलट ती रेक्टमभोवतीच्या चरबीत पसरली तर सर्जनला कापायचा थर नीट दिसू देत नाही. तिथे बोटाने तपासणी, ताठ प्रॉक्टोस्कोपने (गुदद्वारातून घालायच्या सरळ नळीने) मोजलेलं अंतर आणि एमआरआय जास्त उपयोगी.

प्रश्न : टॅटूऐवजी क्लिप लावली तर?

उत्तर : क्लिप काही दिवसांत किंवा आठवड्यांत गळून पडते आणि बाहेरून दिसत नाही. ती शोधायला एक्स-रे किंवा ऑपरेशनच्या वेळी सोनोग्राफी लागते. ऑपरेशन दोन-चार दिवसांवर असेल तर जोडीला म्हणून ठीक.

प्रश्न : आईच्या लहान आतड्यातून रक्तस्राव होतो. बलून एंडोस्कोपीत (फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात दुर्बीण नेऊन केलेल्या तपासणीत) ‘पोचलो तिथे टॅटू केला’ म्हणाले. तिथे काही आजार सापडला असेल का?

उत्तर : तसंच असेल असं नाही. लहान आतडं इतकं लांब की ते एका बाजूने पूर्ण पाहणं बहुधा जमत नाही. तोंडाकडून जिथपर्यंत पोचलं तिथे खूण करतात. नंतर गुदद्वाराकडून जाताना तीच खूण दिसली, की मधलं काहीच राहिलं नाही हे सिद्ध होतं. आजाराची जागा सापडली तर तिच्याजवळही खूण करतात, म्हणून दोन वेगळे ठिपके असू शकतात. कुठला कशाचा, हे रिपोर्टमध्ये असायला हवं. लहान आतड्याची भिंत आणखी पातळ असल्यामुळे तिथे शाई कमी टोचतात.

प्रश्न : नंतर काय त्रास होऊ शकतो? एमआरआय चालेल का?

उत्तर : बहुतेकांना काहीही होत नाही. ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा पोट ताठ होणं हे मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, ‘शाईचं असेल’ म्हणून अंगावर काढू नका. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच शाईमुळे होत नाही, तो रक्तस्राव समजून तातडीने दाखवा. कार्बनला चुंबक ओढत नाही, त्यामुळे एमआरआयला अडचण नाही. जोडीला क्लिप लावलेली असेल तर ते सांगा, सगळ्याच क्लिप एमआरआयसाठी सुरक्षित नसतात. पेट स्कॅन होणार असेल तर टॅटू झाल्याचं कळवा. शाईभोवतीच्या सुजेने क्वचित तिथे चमक दिसू शकते.

प्रश्न : रिपोर्टमध्ये नक्की काय लिहिलेलं असावं?

उत्तर : ‘टॅटू केला’ एवढ्यावर कुणीही समाधान मानू नये. गाठ कुठल्या भागात आहे, शाई तिच्या कुठल्या बाजूला आहे, किती अंतरावर, किती जागी, प्रत्येक जागी किती आणि कुठली शाई, आणि गाठ व टॅटू एकाच चौकटीत दिसणारा फोटो, एवढं हवं. एकाहून जास्त गाठी असतील तर कुठल्या गाठीला खूण केली आणि कुठलीला नाही, हेही. रुग्णांनी हा कागद जपून ठेवावा आणि ऑपरेशन दुसरीकडे होणार असेल तर सोबत न्यावा. नमुन्यादाखल एक नोंद अशी :

‘सिग्मॉइड कोलनमध्ये २५ मिमीची गाठ, मध्ये खड्डा. गाठीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला ३ सेंमीवर, एकाच पातळीवर, घेरावर तीन जागी सलाईनच्या फुगवट्यात प्रत्येकी १ मिली कार्बन. गाठीच्या वरच्या बाजूला टॅटू नाही. फोटो क्र. ७ व ८.’